सीव्हीएमएफएसच्या कॅशसाठी डिस्कची जागा: मोजमापापासून पडताळणीपर्यंत

सीव्हीएमएफएस ही संशोधनाचे सॉफ्टवेअर नेटवर्कवरून संगणकांपर्यंत पोहोचवणारी फाइलप्रणाली आहे. प्रत्येक संगणक, म्हणजे नोड, लागलेल्या फाइलींची प्रत आपल्या डिस्कवर ठेवतो; हीच कॅश. सीव्हीएमएफएस वापरणाऱ्या संगणक-केंद्रांत कॅशची जागा ठरवताना सुरुवात बहुधा उलट्या टोकाने होते. नोडवर ५० जीबी जागा मोकळी दिसते, म्हणून कोट्यात, म्हणजे कॅशला घालून दिलेल्या मर्यादेत, ५०००० (एमबी) हा आकडा लिहिला जातो. काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग एखाद्या रात्री त्या नोडवरचे जॉब (चालवायला दिलेली कामे) एकामागून एक इनपुट-आउटपुट एरर देऊन बंद पडू लागतात. डिस्क पूर्ण भरलेली असते, परंतु सीव्हीएमएफएसला विचारले तर कोटा अजून ओलांडलेला नाही, असे उत्तर मिळते. ही दोन्ही उत्तरे बरोबर असतात, कारण कोटा आणि डिस्कवर प्रत्यक्ष व्यापलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी काढायची असेल तर कामाचा क्रम पाळावा लागतो: प्रथम मोजमाप, त्यावरून कोटा आणि कोट्यावरून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला भाग.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सीएमएस या सर्नमधील कणभौतिकी-प्रयोगाच्या टियर-२ (दुसऱ्या स्तराच्या) केंद्रासारखी मोठी ग्रिड केंद्रे असोत वा एखाद्या विभागातील चार-सहा नोडचे क्लस्टर असो, हा क्रम बदलत नाही. बदलतात ते आकडे.

लिहिण्याच्या पद्धतीविषयी एक सूचना. सेटिंग आणि आदेशांची नावे या लेखात देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये सेटिंगची नावे रोमन मोठ्या अक्षरांत, प्रत्येकाच्या आधी सीव्हीएमएफएस हा शब्द आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची असतात. आदेश लहान अक्षरांत असतात.

## पूर्वतयारी: कॅशमध्ये नेमके काय साठते

मूळ सर्व्हरवर फाइली संकुचित रूपात असतात आणि नोडपर्यंत त्या तशाच येतात. नोडच्या कॅशमध्ये मात्र त्या उलगडून ठेवल्या जातात. त्यामुळे नेटवर्कवरून किती डेटा आला, हे पाहून कॅशचा अंदाज बांधला तर तो नेहमी कमी पडतो. मोठ्या फाइलींचे सर्व्हरवरच तुकडे केलेले असतात (मूळ सेटिंगनुसार प्रत्येकी ४ ते १६ एमबी, सरासरी ८ एमबी), आणि नोड फक्त लागतील तेवढे तुकडे आणतो. म्हणून रिपॉझिटरीचा (सर्व्हरवरील सॉफ्टवेअरच्या एका संग्रहाचा) एकूण आकार पाहूनही काही कळत नाही.

प्रत्येक तुकड्याचे नाव त्याच्या आशयावरून काढलेल्या हॅशवर (ओळख-क्रमांकावर) ठरते. सामायिक कॅश (सर्व रिपॉझिटरींसाठी एकच) असेल तर दोन रिपॉझिटरींत असलेली तीच फाइल एकदाच साठते.

या फाइलींखेरीज कॅशमध्ये कॅटलॉगही असतात. रिपॉझिटरीतील निर्देशिकांची माहिती ठेवणाऱ्या या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइली आहेत. उघड्या असेपर्यंत त्या खिळवून ठेवलेल्या असतात आणि सफाईत हटवल्या जात नाहीत.

सफाईची पद्धत नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. कोटा भरला की सीव्हीएमएफएस सर्वांत जुन्या वापराच्या फाइलींपासून हटवायला सुरुवात करतो आणि कॅश कोट्याच्या निम्म्यावर येईपर्यंत हटवत राहतो. भरल्यावर थोडीशी जागा करून देणे, असे त्याचे काम नाही. प्रत्येक सफाईत अर्धी कॅश जाते.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून काढाव्यात. नोडवर कोणत्या रिपॉझिटरी माउंट होतात (जोडल्या जातात), कॅश सामायिक आहे की प्रत्येक रिपॉझिटरीची वेगळी, आणि कॅश सध्या कोणत्या पार्टिशनवर आहे. काही बदल केलेला नसेल तर कॅश व्हार-लिब-सीव्हीएमएफएस या निर्देशिकेत असते आणि कोटा ४००० एमबी असतो. बॅच जॉब चालवणाऱ्या नोडसाठी हा आकडा फारच लहान आहे.

## टप्पा १: वर्किंग सेट मोजा

वर्किंग सेट म्हणजे नोडवरचे नेहमीचे जॉब पुन्हा पुन्हा वाचतात त्या सर्व फाइलींचा एकत्रित आकार. अंदाजाने ठरवलेला वर्किंग सेट कोणाचाही बरोबर आलेला मी पाहिलेला नाही. तो मोजावाच लागतो, आणि मोजायला एखाद-दोन दिवसांपलीकडे वेळ लागत नाही.

१. एक नोड जॉब-रांगेतून बाजूला काढावा आणि त्यावरचे चालू जॉब संपू द्यावेत.

२. ‘सीव्हीएमएफएस-कॉन्फिग वाइपकॅश’ या आदेशाने कॅश रिकामी करावी.

३. त्या नोडपुरता कोटा मुद्दाम मोठा ठेवावा, म्हणजे मोजमाप चालू असताना एकही सफाई होणार नाही. मोठी डिस्क तात्पुरती जोडावी लागली तरी ती जोडावी.

४. नोड रांगेत परत घ्यावा आणि नेहमीच्या मिश्रणातील जॉब त्यावर चालू द्यावेत. एकाच वापरकर्त्याचा एकच जॉब शंभर वेळा चालवला तर त्या जॉबचे मोजमाप मिळते, नोडचे मिळत नाही.

५. ‘सीव्हीएमएफएस-टॉक कॅश साइझ’ हा आदेश दर काही तासांनी चालवून येणारा आकडा नोंदवावा. त्यात एकूण आकार आणि खिळवलेला भाग वेगवेगळे दिसतात. वाढ मंदावून आकडा जवळपास स्थिर झाला की तो तुमचा वर्किंग सेट.

आकडा दोन दिवसांनंतरही त्याच वेगाने वाढत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे जॉब खरोखरच दर वेळी नवा डेटा वाचत आहेत. अनपॅक्ड-डॉट-सर्न-डॉट-सीएच या रिपॉझिटरीतून अनेक वेगवेगळ्या कंटेनर-प्रतिमा वापरणाऱ्या नोडवर असे होऊ शकते. दुसरी आणि अधिक नेहमीची शक्यता अशी की नोडवरचे भलतेच काहीतरी सीव्हीएमएफएसच्या झाडावरून फिरते आहे: रात्री चालणारा अपडेट-डीबी, बॅकअप, विषाणू-तपासणी किंवा एखाद्याने सहज चालवलेला ‘फाइंड’. असे फिरणे झाले की एकामागून एक कॅटलॉग खाली उतरतात, आणि फाइली उघडून वाचणारे साधन असेल तर त्या फाइलीही कॅशमध्ये येतात. ही साधने सीव्हीएमएफएसच्या माउंट-निर्देशिकेपासून आणि कॅश-निर्देशिकेपासून दूर ठेवून मोजमाप पुन्हा करावे.

इशारा: अनेक रिपॉझिटरी वापरात असतील तर प्रत्येकीचे मोजमाप वेगळे करून बेरीज करू नये. सामायिक कॅशमध्ये समान आशय एकदाच साठत असल्याने बेरीज फुगते. सर्व रिपॉझिटरी एकत्र चालू ठेवूनच मोजावे.

## टप्पा २: वर्किंग सेटवरून कोटा काढा

सफाईनंतर कॅशमध्ये कोट्याचा अर्धा भाग उरतो, आणि त्यात सर्वांत अलीकडे वापरलेल्या फाइली असतात. याचा अर्थ असा की वर्किंग सेट कोट्याच्या निम्म्याहून लहान असेल, तर सफाई झाली तरी ती फक्त अडगळ बाहेर काढते आणि जॉबना लागणाऱ्या फाइली जागच्या जागी राहतात. वर्किंग सेट निम्म्याहून मोठा असेल तर प्रत्येक सफाईत कामाच्या फाइलीही जातात, त्या लगेच परत आणाव्या लागतात, कॅश पुन्हा भरते आणि पुन्हा सफाई होते. अनेक नोडवर एकाच प्रकारचे जॉब चालू असतील तर हे चक्र सगळीकडे साधारण एकाच वेळी फिरते आणि सगळा भार स्क्विड प्रॉक्सीवर, म्हणजे नोड आणि मूळ सर्व्हर यांच्यामधल्या साठवण-सर्व्हरवर, येऊन पडतो. अशा वेळी स्क्विड मंद झाल्याची तक्रार येते आणि दोष नोडच्या लहान कोट्यात आहे हे बराच वेळ कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून माझा नियम सरळ आहे: मोजलेल्या वर्किंग सेटमध्ये सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांसाठी पाव भाग मिळवावा आणि येणाऱ्या आकड्याची दुप्पट करावी.

एक उदाहरण घेऊ. समजा दोन रिपॉझिटरी एकत्र चालवून वर्किंग सेट १८००० एमबी आला. पाव भाग मिळवल्यावर २२५०० आणि दुप्पट केल्यावर ४५००० एमबी. हा झाला कोटा.

एवढी जागा परवडत नसेल तर वाढीसाठी धरलेला पाव भाग कमी करावा, दुप्पट सोडू नये. तेही शक्य नसेल तर नोडवर येणाऱ्या जॉबचे प्रकार कमी करणे हा उपाय आहे. एका प्रयोगाचे जॉब काही नोडवर आणि दुसऱ्याचे उरलेल्या नोडवर पाठवले तर प्रत्येक नोडचा वर्किंग सेट लहान होतो. डिस्क विकत घेण्याआधी याचा विचार अवश्य करावा.

इशारा: ‘शेअर्ड कॅश’ ही सेटिंग ‘नो’ असेल तर कोटा प्रत्येक रिपॉझिटरीला स्वतंत्र लागू होतो. २० जीबी कोटा आणि ६ रिपॉझिटरी म्हणजे १२० जीबी. कोणी तरी जुन्या चाचणीसाठी ही सेटिंग बदलून विसरून गेलेले असते. त्यामुळे ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: कोट्यावरून पार्टिशनचा आकार काढा

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, त्यामुळे येथे जरा थांबावे.

कोट्याच्या हिशेबात फाइलींचा आशय मोजला जातो. डिस्कवर त्याहून अधिक जागा जाते, आणि तिची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण म्हणजे हटवलेल्या, पण अजून उघड्या असलेल्या फाइली. सफाईत फाइलीचे नाव निघून जाते आणि हिशेबातून तिचा आकार वजा होतो. पण एखाद्या जॉबने ती उघडून ठेवलेली असेल तर जॉब ती बंद करेपर्यंत डिस्कवरचे ब्लॉक मोकळे होत नाहीत. दीर्घकाळ चालणारे जॉब मोठ्या लायब्ररी तासन्‌तास धरून ठेवतात. डिस्क भरलेली आणि कोटा शिल्लक, हे सुरुवातीला सांगितलेले कोडे बहुतेक वेळा येथे सुटते.

दुसरे कारण ब्लॉकच्या पूर्णांकाचे. ४ केबी ब्लॉकच्या फाइलप्रणालीवर प्रत्येक फाइलीमागे सरासरी २ केबी वाया जातात. कॅशमध्ये १० लाख फाइली असतील तर हे जवळपास २ जीबी होतात. संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान लहान फाइलींचा भरणा असतो, तेव्हा ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

तिसरे म्हणजे सध्या उतरत असलेले तुकडे, ते ठेवण्याची तात्पुरती निर्देशिका आणि कॅशच्या हिशेबाचा स्वतःचा डेटाबेस.

चौथे कारण ईएक्सटी४ वापरणाऱ्यांसाठी. ही फाइलप्रणाली तयार करताना ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. सीव्हीएमएफएस स्वतंत्र, साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. ती राखीव जागा त्याला मिळत नाही.

या सगळ्यासाठी कोटा पार्टिशनच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये. आपल्या उदाहरणात ४५००० ला ०.८५ ने भागले की सुमारे ५२९४० एमबी येतात. कोट्यातला एमबी १०२४ च्या पटीत मोजला जातो, त्यामुळे एलव्हीएमच्या (लिनक्समधील डिस्क-विभागणीच्या साधनाच्या) जीबीत हे ५१.७ होतात. आयनोड-तक्ते (प्रत्येक फाइलीमागे एक आयनोड, म्हणजे तिची नोंद) आणि जर्नल (बदलांची नोंदवही) यांची जागा धरून ५५ जीबीचे पार्टिशन करावे. ५५ जीबीवर ५ टक्के राखीव म्हणजे २.७५ जीबी, कोटा आणि पार्टिशन यांच्यात आपण ठेवलेल्या सुमारे ११ जीबी अंतराचा चौथा हिस्सा तेवढ्यातच गेला असता. म्हणून फाइलप्रणाली बनवताना राखीव टक्केवारी शून्य द्यावी. कॅशच्या पार्टिशनवर तिचा काही उपयोग नाही.

आयनोडचाही हिशेब करावा. ईएक्सटी४ साधारणपणे दर १६ केबीमागे एक आयनोड तयार करते, म्हणजे ५५ जीबीवर सुमारे ३६ लाख. टप्पा १ च्या नोडवर कॅश-निर्देशिकेतील फाइलींची संख्या मोजावी, कोटा वर्किंग सेटच्या जितक्या पट आहे तितक्या पटीने ती वाढवावी आणि या आकड्याशी ताडून पाहावी. जागा शिल्लक असताना आयनोड संपले तरी जॉबला एररच मिळते. एक्सएफएस ही दुसरी फाइलप्रणाली आयनोड गरजेप्रमाणे तयार करते, त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा येत नाही.

इशारा: कॅश रूट पार्टिशनवर ठेवू नये. तेथे लॉग वाढले तर कॅश अडते आणि कॅश वाढली तर सगळा नोड अडतो. लॉग किंवा जॉबच्या तात्पुरत्या फाइली असलेल्या पार्टिशनवरही ती नको; वरचा ८५ टक्क्यांचा हिशेब पार्टिशन फक्त कॅशसाठी असेल तरच खरा आहे.

## टप्पा ४: पार्टिशन जागेवर बसवा

१. नोड रांगेतून काढून जॉब संपू द्यावेत, आणि ‘सीव्हीएमएफएस-कॉन्फिग अमाउंट’ने सर्व रिपॉझिटरी उतरवाव्यात. एखादी उतरत नसेल तर कोणती तरी प्रक्रिया ती धरून आहे. ती शोधून थांबवावी. सक्तीने सर्व बंद करणारा ‘किलऑल’ चालू जॉब असलेल्या नोडवर वापरू नये.

२. नवे पार्टिशन शक्यतो व्हार-लिब-सीव्हीएमएफएस याच जागी माउंट करावे, म्हणजे ‘कॅश बेस’ ही सेटिंग बदलावीच लागत नाही. बदलायची सेटिंग जितकी कमी तितके पुढच्या व्यवस्थापकाचे काम सोपे.

३. निर्देशिकेची मालकी सीव्हीएमएफएस या वापरकर्त्याकडे द्यावी.

४. एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल तर निर्देशिकेला कॅशचे लेबल, म्हणजे ‘सीव्हीएमएफएस-कॅश-टी’ हा प्रकार, सेमॅनेज आणि रिस्टोरकॉन वापरून कायमचे द्यावे. हे राहिले तर परवानगीची एरर येते आणि माणसे मालकी व मोड तपासत बसतात.

५. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या पार्टिशनांच्या यादीत) नोंद करावी आणि नोड एकदा रीबूट करून पाहावा.

जुनी कॅश नव्या पार्टिशनवर उचलून नेण्याचा मोह टाळावा. कॅश म्हणजे पुन्हा मिळणारा डेटा. ती रिकामी सुरू होऊ द्यावी. फक्त सर्व नोड एकाच दिवशी रिकामे करू नयेत, गटागटाने करावेत, म्हणजे स्क्विडवर एकदम भार येणार नाही.

इशारा: रीबूटनंतर पार्टिशन माउंट झाले नाही तर सीव्हीएमएफएस त्याच नावाच्या खालच्या, रूट पार्टिशनवरील निर्देशिकेत कॅश तयार करू लागतो, आणि रूट भरेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. यावर साधा बंदोबस्त आहे: पार्टिशन माउंट करण्यापूर्वी खालची रिकामी निर्देशिका ‘सीएचअ‍ॅटर’ने अपरिवर्तनीय करून ठेवावी. मग माउंट चुकले तर सीव्हीएमएफएस सुरूच होणार नाही आणि चूक त्याच क्षणी दिसेल.

## टप्पा ५: कोटा एकाच ठिकाणी लिहा

‘कोटा लिमिट’ ही सेटिंग ईटीसी-सीव्हीएमएफएस निर्देशिकेतील ‘डिफॉल्ट-डॉट-लोकल’ या फाइलीत लिहावी, आणि फक्त तेथेच. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. त्यात ४५ असे लिहून ४५ जीबी मिळतील, अशी अपेक्षा ठेवणारेही भेटतात. डोमेनच्या किंवा एखाद्या रिपॉझिटरीच्या वेगळ्या फाइलीत कोटा लिहिला तर तो या फाइलीतील आकड्याला मागे टाकतो आणि सामायिक कॅशला नेमका कोणता कोटा लागू आहे याचा गोंधळ सुरू होतो.

चालू नोडवर फाइल बदलून केवळ ‘रीलोड’ दिल्याने सामायिक कॅशचा कोटा बदलला असे गृहीत धरू नये. सामायिक कॅश सांभाळणारी प्रक्रिया एखादी तरी रिपॉझिटरी माउंट असेपर्यंत चालू राहते. सर्व रिपॉझिटरी उतरवून पुन्हा माउंट करणे हा खात्रीचा मार्ग आहे. टप्पा ४ नुसार नोड आधीच रिकामा असेल तर यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

## टप्पा ६: पडताळणी

‘सीव्हीएमएफएस-कॉन्फिग प्रोब’ चालवून सर्व रिपॉझिटरी माउंट होतात का ते पाहावे. त्यानंतर ‘शोकॉन्फिग’ला रिपॉझिटरीचे नाव द्यावे, प्रत्येक सेटिंगपुढे ती कोणत्या फाइलीतून आली हे दिसते. कोट्याच्या ओळीपुढे ‘डिफॉल्ट-डॉट-लोकल’ नसेल तर टप्पा ५ मध्ये काहीतरी राहिले आहे.

मग डिस्कची जागा दाखवणारे ‘डीएफ’ दोनदा चालवावे. रिपॉझिटरीच्या माउंटवर चालवले तर कोटा आणि त्यातील वापर दिसतो, कॅशच्या पार्टिशनवर चालवले तर डिस्कचा खरा हिशेब दिसतो. कोट्याचा आकडा पार्टिशनच्या एकूण आकाराच्या ८५ टक्क्यांच्या आत हवा. जॉब चालू असताना हे दोन्ही वापर शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्यांच्यातले अंतर वाढत चालले असेल तर उघड्या राहिलेल्या फाइली साचत आहेत.

## टप्पा ७: पहिले दोन आठवडे काय पाहावे

‘सीव्हीएमएफएस-टॉक क्लीनअप रेट’ या आदेशाला मिनिटांचा आकडा दिला की तेवढ्या काळात किती सफाया झाल्या ते कळते. शेवटच्या २४ तासांतील सफायांची संख्या ‘एनक्लीनअप२४’ या विस्तारित गुणधर्मातही मिळते, आणि देखरेखीच्या प्रणालीला जोडायला हा आकडा सोयीचा आहे. बरेच दिवस शून्य आणि मग एखादी सफाई हे उत्तम लक्षण. रोज एक सफाई होत असेल तर कोटा काठावर आहे. दिवसातून अनेक सफाया होत असतील तर वर्किंग सेट निम्म्यात मावत नाही. टप्पा १ कडे परत जावे आणि जॉबचे मिश्रण बदलले आहे का ते पाहावे. याच्या जोडीला ‘सीव्हीएमएफएस-कॉन्फिग स्टॅट’मधील हिट-रेट आणि इनपुट-आउटपुट एररची संख्या पाहावी. एररची संख्या शून्यावरून हलली तर त्याच दिवशी पार्टिशन आणि आयनोड दोन्ही तपासावेत.

इशारा: जागा करण्यासाठी कॅश-निर्देशिकेतील फाइली हाताने कधीही हटवू नयेत. हिशेबाच्या डेटाबेसमध्ये त्या तशाच नोंदलेल्या राहतात आणि कॅशला आपण भरलेलो आहोत असेच वाटत राहते. त्यासाठी ‘सीव्हीएमएफएस-टॉक क्लीनअप’ आहे. त्याला एमबीचा आकडा दिला की तेवढ्यापर्यंत कॅश व्यवस्थित खाली येते. वीज गेल्यानंतर कॅशविषयी शंका असेल तर रिपॉझिटरी उतरवून ‘सीव्हीएमएफएस-एफएससीके’ चालवावे. कोटा कमी करायचा असेल तेव्हाही आधी क्लीनअप, मग सेटिंग आणि सर्वांत शेवटी पार्टिशन लहान करणे, हाच क्रम ठेवावा.

## ज्या मांडणीला हा हिशेब लागू होत नाही

डिस्क नसलेल्या नोडवर कॅश टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या फाइलप्रणालीत, ठेवली तर वरचा प्रत्येक एमबी जॉबच्या मेमरीतून जातो. तेथे नोडवरचे जॉबचे प्रकार मर्यादित ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

अनेक नोडमध्ये मिळून सामायिक फाइलप्रणालीवर ठेवलेली ‘एलियन कॅश’ असेल तर सीव्हीएमएफएस तिची सफाई करतच नाही. अशा मांडणीत कोटा उणे एक आणि ‘शेअर्ड कॅश’ नो ठेवावे लागते आणि कॅश वाढतच जाते. जुन्या फाइली काढण्याची व्यवस्था तुम्हालाच करावी लागेल. ती ठरलेली नसेल तर एलियन कॅश सुरूच करू नये.

स्क्विडची डिस्क वेगळी मोजावी. तेथे फाइली संकुचित रूपातच राहतात, आणि सर्व नोडच्या वर्किंग सेटचा एकत्रित संच तेथे मावला पाहिजे. ५० जीबीची कॅश-डिरेक्टरी ही बऱ्याच केंद्रांसाठी योग्य सुरुवात आहे; पार्टिशन त्याहून पाचव्या भागाने तरी मोठे ठेवावे. एका वस्तूच्या आकाराची कमाल मर्यादा १०२४ एमबी करणेही विसरू नये, कारण स्क्विडच्या मूळ मर्यादेत मोठे कॅटलॉग आणि तुकडे बसत नाहीत आणि प्रत्येक नोडसाठी ते बाहेरून नव्याने आणले जातात.